नानांनी मोटार घरी ठेवली तो सोमवार

आमच्या देवपुरातली बस रिकामी धावायची त्याला मी एकटा जबाबदार होतो, असं माझी बहीण म्हणते. हे साफ खोटं आहे. आम्ही अकरा जण होतो.

अकरा जण आणि एक मोटार. मोटार माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे नानांची. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि पांझरेच्या या काठाला, देवपुरात, नवी घरं उठत होती. ज्यांना धुळ्यात जागा मिळत नव्हती ते इथे राहायला आले होते, आणि ज्यांना धुळ्यातल्या माणसांचा कंटाळा आला होता तेही आले होते. दोघांनाही रोज सकाळी धुळ्यातच जावं लागे, ही गोष्ट वेगळी.

नानांचा कापसाचा व्यापार होता. मोटार त्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. ती पाच माणसांसाठी बनवलेली आहे असं साहेबाने निघताना बजावून सांगितलं होतं. नाना नंतर म्हणाले, "बनवणाऱ्यानं खानदेश पाहिलेला नाही." मागच्या बाकावर पाच, त्या पाचांच्या मांडीवर दोन, पुढे नानांना धरून तिघं, आणि अकरावा डाव्या बाजूच्या पायरीवर, दाराची मूठ धरून. तो मी. अंगात वकिलाचा काळा कोट, बगलेत कागद. (अशील नव्हते, पण कागद होते.)

आता यात नानांचा दोष काय? आमच्याकडे रस्त्यावर उभ्या माणसाला सोडून आपलं वाहन पुढे नेणं म्हणजे पंगतीत बसलेल्या पाहुण्याला उठवण्यासारखं आहे. बैलगाडी असो, दमणी असो, मोटार असो, माणूस दिसला की थांबायचं आणि "या, बसा" म्हणायचं. समोरच्याने "नको नको" म्हणायचं. आपण "अहो, बसा" म्हणायचं. त्याने पुन्हा "कशाला उगाच" म्हणायचं. असं तीनदा झालं की तो बसतो. दहा माणसांचं तीनदा करा, म्हणजे पूल ओलांडायला नानांना पाऊण तास का लागायचा ते कळेल.

अशात बस सुरू झाली. देवपूरच्या टोकापासून थेट स्टेशनपर्यंत. चोवीस जागांची, नवी, निळी, वेळेवर सुटणारी. ड्रायव्हर गफूरभाई धुळ्याचे, कंडक्टर कदम साताऱ्याकडचा. कदमने नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं, आणि ते म्हणून दाखवायला त्याला कुणी माणूस मिळत नव्हता. रोज सकाळी आमची मोटार पुढे, वारुळातून मुंग्या याव्यात तशी माणसं बाहेर आलेली, आणि मागे ती निळी बस, दारात कदम एकटा उभा. लग्नात जेवायला न बोलावलेला माणूस मांडवाकडे पाहतो तसा तो आमच्याकडे पाहायचा.

एकटा म्हणजे अगदी एकटा नाही. आत अक्का असायची.

अक्का माझ्याहून मोठी, नानांहून लहान, पण नानाही तिला अक्काच म्हणत. नवरा गेल्यावर ती धरणगावहून माहेरी आली. वर्षभर तिने वहिनींबरोबर पापड लाटले, आणि एक दिवस लाटणं खाली ठेवून म्हणाली, "मला मास्तरीण व्हायचंय." धुळ्यात स्टेशनच्या पलीकडे बायकांसाठी अध्यापनाचा वर्ग होता. तिने नाव घातलं. नाना आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "जा. पण मोटारीतून जा."

ती मोटारीतून गेली. तीनदा गेली आणि तीनदा वर्ग सुरू झाल्यावर पोचली. वर्गाच्या मुख्य बाईंनी तिला उभं करून सांगितलं, "अजून एकदा उशीर झाला, तर नाव कमी करीन. घरच्यांना मोटार आहे म्हणून इथे सवलत नाही." मग अक्का पायी निघाली. तर नानांनी मोटार तिच्या मागे घातली! बहीण पायी चाललेली लोकांनी पाहिली तर लोक काय म्हणतील? पुढे अक्का ताठ मानेने चालते आहे, मागे बैलाच्या चालीने मोटार, आणि मोटारीतले आम्ही अकराच्या अकरा जण एका सुरात, "बस गं अक्का! बसा अक्का! अक्का, बसा ना!" ती मिरवणूक देवपुराने दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी बस सुरू झाली, आणि अक्का आमच्याकडे न पाहता बसमध्ये जाऊन बसली. सरकारी वाहनाच्या मागे मोटार घालण्याचं नानांना धैर्य झालं नाही.

बस म्हणजे अक्काचं मास्तरीणपण होतं, इतकं सोपं होतं ते. बस आहे तोवर वर्ग आहे. बस गेली की पुन्हा मोटार, मोटार आली की उशीर, आणि उशीर झाला की पापड.

आणि पौष संपता संपता कदमने तिला सांगितलं, "बाई, गाडी बंद व्हायच्या मार्गावर हाये. चाचणीपुरती दिली व्हती. सोमवारी वरनं साहेब येनार. गाडीत मानसं दिसली तर ऱ्हाईल, न्हाईतर दुसऱ्या गावाला."

त्या संध्याकाळी अक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी लिहीत होतो.

"काय लिहितोयस?"

"लेख," मी म्हणालो. "'मोटारवाल्यांनो, खाली उतरा.' आपल्या साप्ताहिकासाठी. सार्वजनिक वाहन हा नागरिक धर्माचा—"

"बसमध्ये तू किती वेळा बसलास?"

मी टाक दौतीत बुडवला. "प्रश्न तत्त्वाचा आहे, अक्का."

"सोमवारी अकरा वाजता माझा पाठ आहे. परीक्षक बसणार आहेत मागे. सोमवारीच तो साहेब येतोय. तुझं तत्त्व सोमवारी साडेनऊला थांब्यावर आण. येताना नानांना घेऊन ये. नाना आले की बाकीचे येतात."

हे मात्र खरं होतं. देवपुरात मोटारी चारच होत्या, पण बाकीच्या तीन मोटारवाल्यांचं लक्ष नानांकडे असे. नाना मोटार घरी ठेवतील तर तेही ठेवतील. आणि नानांची मोटार घरी राहिली तर तिच्यातली फुकटी दहा माणसं बसमध्ये बसण्यावाचून जातील कुठे? (मी धरून दहा.)

मी कामाला लागलो. मी मनात आणलं की थांबत नाही. माझ्या वकिलीचं असं का झालं हा वेगळा विषय आहे. शनिवारी शाळेच्या पटांगणात सभा घेतली. 'देवपूर बस समर्थन मंडळ' स्थापन झालं. अध्यक्षपदासाठी एकच नाव सुचवण्यात आलं, ते मीच सुचवलं. मी तासभर बोललो. वेळेचं मोल, पेट्रोल, लोकशाही, सगळं आलं. प्रत्येकाने उद्यापासून बसनेच जायचं, असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात झाला. सभा संपली. बाहेर नानांची मोटार उभी होती. नाना म्हणाले, "या, बसा." लोक म्हणाले, "नको नको." नाना म्हणाले, "अहो, बसा." आणि ठराव केलेले सगळे त्या मोटारीत बसून घरी गेले. मी पायरीवर होतो.

रविवारी सकाळी मी नानांना गाठलं. ते ओट्यावर बसून मोटारीचा दिवा पुसत होते.

"नाना, उद्या मोटार घरी ठेवा."

"का? बिघडली का?"

"बिघडली नाही. बसनं जाऊ."

"मोटार बिघडली नाही, मी बिघडलो नाही, आणि बसनं जायचं? लोक म्हणतील नानाचा कापूस बुडाला."

"लोक म्हणतील नाना पुढारलेले आहेत."

"ते तुझे लोक. माझे वेगळे," नाना म्हणाले. "आणि आबा पाटलानं कशात जावं? गुडघे धरलेत त्याचे. त्याला काय बस दारातून उचलणार?"

मी पेट्रोल सांगितलं. नानांनी दुसरा दिवा पुसायला घेतला. मी वेळ सांगितली. नाना म्हणाले, "मला कुठं घाई आहे?" मी लोकशाही सांगितली. नाना म्हणाले, "अकरा जणांना नेतो, जात विचारत नाही, आणखी काय लोकशाही?" मी पुन्हा पेट्रोलवर आलो.

इतक्यात अक्का बाहेर आली. हातात तिने पाठासाठी काढलेला तापीच्या उपनद्यांचा नकाशा होता, तो ती वाळवायला ओट्यावर पसरत होती. नकाशावरून नजर न काढता ती म्हणाली,

"नाना, तुमच्या मोटारीत किती बसतात?"

"अकरा."

"बसमध्ये चोवीस बसतात."

नानांचा हात दिव्यावरच राहिला. "चोवीस?"

"चोवीस. बसून. मांडीवर न घेता."

गावजेवणाला नेहमीपेक्षा दुप्पट मोठी कढई मिळते आहे असं ऐकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते नानांच्या चेहऱ्यावर आलं. मग ते उठले, मोटारीवर ताडपत्री घातली आणि आत ओरडले, "अहो, उद्या सकाळी चिवडा करा. चोवीस माणसं आहेत!"

मी त्या रात्री लेखाच्या शेवटी एक वाक्य वाढवलं: 'तर्कशुद्ध युक्तिवादापुढे मोटारमालकही नमतो, असा आमचा ताजा अनुभव आहे.'

सोमवारी साडेनऊला मी थांब्यावर पोचलो, हातात झेंडूचा हार. साहेबाला पुलाच्या अलीकडे हार घालून दोन शब्द बोलायचे, असा माझा बेत होता. साहेब म्हणजे जीप असणार, टोप असणार, मागे फाइली धरलेला शिपाई असणार. आयुष्यभर मी मोठेपणाची टर उडवत आलो, पण त्याची वाट पाहायची वेळ आली तेव्हा मला जीपशिवाय दुसरं काही दिसेना! मी रस्त्याच्या मध्यभागी उभा राहून सोनगीरच्या दिशेने डोळे लावले.

बस आली. आणि तिच्या दारात कदमच्या शेजारी, जरीचा फेटा बांधून, नाना उभे राहिले.

"या, या! बठ्ठा जण या, सगळे या! आबा, तुम्ही पुढे. खिडकीशी बसा, वारा येईल. अहो, लाजता काय, आपलीच गाडी आहे!"

कदम म्हणाला, "दार सोडा, मालक. नियमानं दारात कंडक्टर उभा ऱ्हातो."

"राहा ना! आपण दोघं राहू," नाना म्हणाले, आणि त्याच्या हातात चिवड्याचा द्रोण दिला.

बस भरली. खरोखर भरली! बाकीचे तीन मोटारवाले आपापल्या मोटारी घरी ठेवून आले. सोनगीरहून पितळी हंडा घेऊन आलेली एक म्हातारी तेवढ्यात आली, तिला नानांनी हाताला धरून चढवलं. हंडा ठेवायला जागा नव्हती. मागच्या बाकावर एक किडकिडीत, चष्मा लावलेला परका माणूस मांडीवर वही घेऊन बसला होता. "भाऊ, घ्या जरा मांडीवर, आपलाच समजा," म्हणत नानांनी हंडा त्याच्या मांडीवर ठेवला. वही हंड्यात गेली. अक्का बायकांच्या बाकावर नकाशाची गुंडाळी धरून बसली होती. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं. दहाला दहा मिनिटं कमी होती. ठरल्या वेळेला बस सुटली. साहेबाची जीप काही आली नाही, म्हणून मी हार घेऊन शेवटी चढलो आणि सवयीने पायरीवर उभा राहिलो.

बस पन्नास पावलं गेली असेल. नानांनी घंटेची दोरी ओढली.

"थांबव, थांबव! तुकारामभाऊ उभा शे!"

तुकारामभाऊ आपल्या दारात राखुंडीने दात घासत उभा होता.

"या भाऊ, बसा!"

"अहो नाना, मी ते दात घसी राह्यनू!"

"आत घसा! कुठं जायचं नसलं तरी या, नवी गाडी शे!"

तुकारामभाऊ "नको नको" म्हणाला. नाना "अहो, या" म्हणाले. तीनदा झालं. तुकारामभाऊ तोंडात राखुंडी आणि हातात तांब्या घेऊन चढला. मग तेल्याचं दुकान, मग दवाखाना. दवाखान्यापाशी उभा असलेला माणूस नुकताच धुळ्याहून आला होता. त्यालाही परत धुळ्याला घेतलं.

"मालक!" कदमचा आवाज फुटला. "ठरल्या थांब्यावरच थांबायचं! चोवीस बसून, सहा उभं, जास्त न्हाई!"

"उभे नाहीत ते," नाना म्हणाले. "टेकलेत."

मग तिकिटांचा प्रश्न निघाला. नाना म्हणाले, "सगळ्यांची माझ्याकडून." त्यावर आबा पाटील गुडघे विसरून उठले. "वा! रोज तुमच्या मोटारीत बसायचं, आणि आज बसमध्येही तुम्हीच? आज माझ्याकडून." तिसरा म्हणाला, "अशी कशी आबा, आज माझी बारी." चौघांनी कदमचे हात चार बाजूंनी धरले. प्रत्येकजण दुसऱ्याचा हात मागे ढकलत होता, आणि मधे कदम! नियमांच्या पुस्तकात पैसे न देणाऱ्याचं काय करायचं ते होतं. एकमेकांना पैसे देऊ न देणाऱ्यांचं काय करायचं ते नव्हतं. हे सोडवायला मी पायरीवरून कायद्याचा मुद्दा काढला. तो ऐकायला कुणी नव्हतं.

सव्वादहा. दहा वीस. अक्काच्या हातातली गुंडाळी घट्ट होत होती. बस कशीबशी पुलावर आली.

पुलाच्या बरोबर मधोमध समोरून कापसाची बैलगाडी येत होती. कापसावर नानांचे व्याही बसले होते, बोदवडचे. थोरल्या मुलीचे सासरे!

आता तुकारामभाऊ सोडता येईल, आबा पाटील एकवेळ सोडता येतील. व्याही सोडून पुढे गेलेला माणूस खानदेशात मला कुणी दाखवावा. नानांनी दोरी इतक्या जोरात ओढली की ती त्यांच्या हातात आली. बस थांबली. नाना उतरले. व्याही कापसावरून उतरले. पुलाच्या मधोमध दोघांची गळाभेट झाली. पुढे बैलगाडी, मागे बस, बसच्या मागे दोन टांगे आणि एक म्हशींचा कळप.

"कथा निघालात, व्याहीबुवा? कुठं?"

"तुमच्याचकडे! निरोप न देता आलो म्हणून रागावू नका."

"रागावतो कसा! चला, बसा, आधी धुळ्याला चहा घेऊ, मग याच गाडीनं घरी येऊ."

"गाडी नवी घेतली का?"

"म्हणजे काय!" नाना म्हणाले.

व्याही चढले. आणि व्याही चढल्यावर बसमधला एकही माणूस बसू शकत नव्हता. "बसा बसा," म्हणत सगळे उठले. व्याही म्हणाले, "मी कसा बसू, तुम्ही उभे असताना?" "तुम्ही बसा मग आम्ही बसतो." "तुम्ही आधी." अशा रीतीने चोवीस जागांच्या त्या बसमध्ये सगळे बाक रिकामे आणि सगळी माणसं उभी! मागच्या बाकावरचा किडकिडीत माणूस तेवढा बसून होता, कारण त्याच्या मांडीवर हंडा होता, आणि अक्का, कारण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. गफूरभाईंनी इंजिन बंद केलं आणि विडी काढली. दहा पस्तीस.

अक्का उठली.

तिने आवाज चढवला नाही. गुंडाळी बाकावर एकदा आपटली फक्त.

"नाना."

नाना फेटा सावरत वळले. मी नानांना बापासमोर आणि कापसाच्या भावासमोर गप्प झालेलं पाहिलं होतं. तिसरी वेळ ही.

"खाली बसा."

नाना बसले.

"व्याहीबुवा, तुम्ही त्यांच्या शेजारी. आबा, खिडकीशी. ज्यांना धुळ्याला काम नाही त्यांनी हात वर करा."

चार हात वर झाले. तुकारामभाऊने तांब्या वर केला.

"उतरा. चालत घरी जा, भूक लागेल. कदम, प्रत्येकानं आपापलं तिकीट काढायचं. दुसऱ्याचं काढलेलं घेऊ नका. कुणाकडे तिकीट नाही अजून?"

बरेच हात वर झाले. मागे हंड्याच्या पलीकडूनही एक हात आला.

"तुम्ही कोण?"

"मी... तपासणीसाठी आलो आहे," किडकिडीत माणूस म्हणाला. "माझ्याकडे पास आहे. वही हंड्यात आहे."

कदमने नकळत टाचा जुळवल्या.

"मग तपासा," अक्का म्हणाली. "पण हंडा नीट धरा, त्या आजींचा नवा आहे."

"हो बाई," साहेब म्हणाले.

आता माझी वेळ आली होती, हे मी ओळखलं. व्याह्यांचं गाठोडं चढवायला मी खाली उतरलो होतो तो खालीच होतो. मी खिडकीखाली धावलो, हार उंच धरला आणि सुरुवात केली, "सन्माननीय साहेब, देवपूर बस समर्थन मंडळाचा अध्यक्ष या नात्याने, या ऐतिहासिक—"

"कदम," आतून अक्काचा आवाज आला, "घंटा."

"दोरी तुटली, बाई."

"गफूरभाई, चला!"

बस गेली. म्हशींनी मला बाजूला केलं आणि त्याही गेल्या. मी पुलावर एकटा उरलो. एकटा नाही, व्याह्यांचा गाडीवान होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं आणि कापसावर जागा करत म्हणाला, "बठा भाऊ. मालकांनी गाडी धुळ्याला वळवायला सांगितलीय." बस समर्थन मंडळाचा अध्यक्ष अशा रीतीने बारा वाजता कापसाच्या ढिगावरून धुळ्यात शिरला. हार बैलाने वाटेतच खाल्ला.

अक्का अकराला पाच मिनिटं असताना वर्गात पोचली. पाठ कसा झाला ते तिने आम्हाला सांगितलं नाही. नानांनीच तो खिडकीबाहेर व्याह्यांसह उभं राहून ऐकला आणि घरी येऊन बोरी, गिरणा, वाघूर सगळ्या नद्या वहिनींना म्हणून दाखवल्या. परीक्षकांनी तिला एकच विचारलं म्हणे: वर्ग एवढा शांत ठेवायची सवय कुठे झाली? ती म्हणाली, "येताना."

बस राहिली. कदमने नंतर मला सांगितलं, साहेबांनी वहीत लिहिलं की प्रवासी अपेक्षेपेक्षा जास्त आहेत, ठरलेल्या थांब्यांखेरीज थांबू नये, आणि मोजून तीसच्या वर एकही माणूस घेऊ नये. नानांच्या मोटारीवरची ताडपत्री त्या दिवसापासून निघाली नाही. मोटारवाल्यांना घरातून बाहेर काढायला बस पुरेशी आहे का, असं मला कुणी विचारलं तर मी छातीवर हात ठेवून सांगतो, पुरेशी आहे. फक्त तिच्यात माणसं हवीत. ज्याला घरी माणसं लागतात, तो माणसं असतील तिकडे जातो. नाना रोज साडेनऊला पहिल्या बाकावर असत, एक तिकीट काढून, दोरीला हात न लावता.

हे सगळं पाहून मंगळवारी मीही थांब्यावर गेलो. इतके दिवस ज्या बसची बाजू लढवली, तिच्यात निदान एकदा तरी बसावं म्हणून. निघताना लेखाची शेवटची ओळ आणखी थोडी फुलवत बसलो होतो, त्यात पाच मिनिटं गेली. धावत पोचलो तेव्हा कदम दारात उभा होता. त्याने आत पाहिलं, बोटांवर मोजलं, आणि माझ्या छातीवर हात ठेवला.

"तीस झाले. पुढच्या गाडीला या."

"अरे, मी अध्यक्ष आहे!"

"बरं. पुढच्या गाडीला या."

मी आशेने खिडकीकडे पाहिलं. नाना होते. आयुष्यात रस्त्यावर उभा माणूस ज्यांनी कधी मागे सोडला नाही, ते माझे सख्खे थोरले भाऊ! त्यांच्या शेजारी अक्का होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग भीतभीत अक्काकडे पाहिलं, आणि खिडकीतून हात हलवत ओरडले, "बापू, जागा नही शे रे! नियम शे!"

बस गेली. पुढची बस तासाभराने होती आणि धुळ्याच्या कोर्टात त्या दिवशी, कित्येक महिन्यांनी, माझा एक अशील माझी वाट पाहत होता. मी पुलाकडे धावत सुटलो. पन्नास पावलांवर तुकारामभाऊ दारात दात घासत उभा होता. त्याने काळ्या कोटातल्या मला धावताना पाहिलं आणि तोंडातली राखुंडी थुंकून विचारलं,

"काय हो वकीलसाहेब, बस बंद पडनी का?"

"नाही हो," मी धापा टाकत म्हणालो. "चालू ठेवली. मीच!"